डस्टी बेकर २०२२ च्या आधीही मोठाच होता

संपादक महोदय,

तुमच्या क्रीडा पानावरचा अमेरिकन बेसबॉलमधल्या डस्टी बेकरवरचा लेख वाचला, छान होता, पण सूर असा की ७३व्या वर्षी ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजला वर्ल्ड सिरीज (सात मॅचेसची फायनल, आधी चार जिंकेल तो चॅम्पियन) जिंकून दिली आणि तेव्हा कुठे हा माणूस मोठा मॅनेजर, म्हणजे टीमचा मुख्य कोच, ठरला. हे काही पटलं नाही म्हणून लिहितोय.

प्लेयर म्हणून तर प्रश्नच नाही. २४२ होमरन (आपल्या सिक्सरसारखे), १९८१ ला डॉजर्सकडून चॅम्पियन, आणि १९७४ मध्ये हँक अ‍ॅरनने ७१५वा होमरन मारून बेब रूथचा रेकॉर्ड मोडला तेव्हा पुढचा बॅटर म्हणून तयारीत उभा होता तो हाच. खेळणं संपल्यावर सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे आधी फर्स्ट बेस कोच, मग बॅटिंग कोच, आणि १९९३ ला तिथेच मॅनेजर. पहिल्याच वर्षी टीमने १०३ मॅचेस जिंकल्या आणि तरी प्लेऑफ (बाद फेऱ्या) हुकला, कारण गटातून एकच टीम पुढे जायची आणि अटलांटाने १०४ जिंकल्या! आता यात मॅनेजरने अजून काय करायचं होतं?

पण खरी गंमत पुढे आहे. क्रिकेटमध्ये बोलर कधी बदलायचा ते कॅप्टन ठरवतो, इथे डगआउटमधून चालत येऊन पिचरच्या, म्हणजे इथल्या बोलरच्या, हातातला बॉल काढून घ्यायचं काम मॅनेजरचं. २००२ ची वर्ल्ड सिरीज, जायंट्स ३-२ पुढे, सहाव्या मॅचमध्ये ५-० चा लीड, नऊपैकी सातवी इनिंग, समोरच्या टीमचे फक्त आठ आउट बाकी. पिचर रस ऑर्टिझला लागोपाठ दोन हिट बसले (बॉल मारून बॅटर बेसवर पोचला की हिट), बेकरने त्याला काढलं आणि जाता जाता बॉल आठवण म्हणून त्याच्याच हातात दिला. नव्या पिचरला स्कॉट स्पीझिओने तीन रनचा होमरन ठोकला, मॅच ६-५ ने गेली, दुसऱ्या दिवशी सातवीही गेली. झालं, सगळे म्हणाले घाई केली, आणि तो बॉल द्यायचा शहाणपणा कोणी सांगितला होता.

पुढच्याच वर्षी शिकागो कब्सकडे. वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीत पुन्हा सहावी मॅच, फ्लोरिडाविरुद्ध ३-० चा लीड, वर्ल्ड सिरीज गाठायला फक्त पाच आउट बाकी. या वेळी पिचर मार्क प्रायरला त्याने काढलंच नाही, निदान वेळेवर नाही, आणि त्या एका आठव्या इनिंगमध्ये आठ रन गेले. शॉर्टस्टॉपच्या (एका फील्डरच्या) हातून सोपा बॉल सुटला तेही त्याच इनिंगमध्ये, पण ते कोणाला आठवत नाही. मग ओरड काय तर उशीर केला! (त्या सीझनला प्रायर आणि दुसरा पिचर केरी वुड यांना त्याने फार दमवलं ही टीका मात्र मलाही पटते, ते त्याचं त्यानेच ओढवून घेतलेलं.)

आणि आता २०२२, वर्ल्ड सिरीजची चौथी मॅच. क्रिस्टियन हाविएरने सहा इनिंग एकही हिट दिलेला नाही, ९७ बॉल टाकून झालेत, आणि बेकरने त्याला काढला. पुढच्या तिघांनीही हिट दिला नाही, नो-हिटर पूर्ण, आणि स्कोअर बघा, ५-०. माणूस तोच, पिचर काढण्याची धमक तीच, फक्त या वेळी पुढच्या पिचर्सनी साथ दिली. म्हणून २००२ चा बेकर बावळट आणि २०२२ चा ग्रेट, असं कसं चालेल हो?

त्याआधी वॉशिंग्टनच्या टीमने तर २०१७ ला ९७ मॅचेस जिंकून दिल्यावर त्याला घरी पाठवला, का तर प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत हरले म्हणून. पुढे दोन सीझन तो कोणाचाच मॅनेजर नव्हता. मग २०२० च्या सुरुवातीला सिग्नल चोरीच्या (समोरच्या टीमचे इशारे चोरून आपल्या बॅटरला कळवण्याच्या) प्रकरणात अ‍ॅस्ट्रोजचा मॅनेजर गेला, अख्खी अमेरिका त्या टीमवर हुर्यो करत होती, प्लेयर्सना तोंड दाखवायची सोय नव्हती, आणि तेव्हा मालकाला आठवला तो ७० वर्षांचा बेकर. मॅनेजर म्हणून त्याचा २०००वा विजय आला तो ३ मे २०२२ ला, एवढा पल्ला गाठलेला पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर, आणि ट्रॉफी आली नोव्हेंबरमध्ये. तुमच्या लेखात या २००० विजयांचा उल्लेख एका ओळीत तरी हवा होता, आणि पाच वेगवेगळ्या टीम्सना प्लेऑफमध्ये नेलं त्याचाही.

– एक नियमित वाचक