"आराम करा" न म्हणणाऱ्या फिजिओ ताईंना

ताई, तुम्ही मला ओळखाल की नाही माहीत नाही, उपजिल्हा रुग्णालयात तुमच्याकडे किती बाया येतात, कोणाचा खांदा, कोणाची टाच. मी ती कापूस वेचणारी, उजव्या कोपरवाली. पोरगा म्हणे मोबाईलवर लिही, म्हणून इथंच लिहिते.

आभार मानायचे ते एकाच गोष्टीचे, तुम्ही मला "आराम करा" म्हटलं नाही. तुमच्या आधी ज्याला दाखवलं त्यानं तेच म्हटलं. अहो दिवाळी झाली की पऱ्हाटी पांढरी होते, वेचाईचे पैसे किलोवर, घरी धुणं, भाकरी, गाईची धार, आराम करायचा कधी आणि मजुरी कोण देणार. बरं एक्सरेत काही निघालं नाही, म्हणजे घरच्यांच्या हिशोबानं मला काही झालंच नव्हतं. अन इकडे पाण्याचा गुंड उचलला, साडी पिळली, साधा चहाचा कप धरला तरी कोपराच्या बाहेरच्या हाडावर अशी कळ यायची की हातातलं सुटून जायचं. सासूबाई म्हणे बिब्बा घाल. तालुक्याच्या एका दवाखान्यात कोपरात इंजेक्शन मारून दिलं, महिनाभर लय भारी वाटलं, मग जे उलटलं ते पहिल्यापेक्षा जास्त.

तुम्ही हात सरळ ठेवायला लावला, फक्त मधलं बोट वर उचला म्हटलं आणि तुमच्या एका बोटानं ते खाली दाबलं. बरोबर तिथंच कळ! मग म्हणालात, काकू, कापूस कसा वेचता ते करून दाखवा. ड्रेसिंगचा कापूस होता टेबलावर, तोच बोंड समजून मी वेचून दाखवला, मला हसू येत होतं पण तुमचं सगळं लक्ष माझ्या मनगटावर. मनगट वर वाकवून बोटांनी ओढायचं, तेही दिवसभर, आणि मनगट वर उचलणारे बरेचसे स्नायू कोपराच्या त्या एकाच हाडाला टेंडननं, म्हणजे स्नायूच्या दोरीनं, बांधलेले, तिथं रक्त कमी पोचतं म्हणून भरायला महिने लागतात, हे मला पहिल्यांदा कोणी समजावून सांगितलं. इंजेक्शनचंही तेव्हाच कळलं, 2006 साली ऑस्ट्रेलियात अभ्यास झाला होता म्हणे, इंजेक्शनवाले सहा आठवड्यांनी सगळ्यात पुढे आणि वर्षानं बघितलं तर फिजिओवाल्यांच्या मागे. माझंही तसंच झालं की.

शुगर, थायरॉईड तपासायला लावलं, सिकलसेलची, त्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली का तेही विचारलं. आपल्या भागात त्यानंही हातपाय दुखतात हे मला माहीत होतं, पण माझ्या दुखण्यात ते कोणी आधी विचारलंच नव्हतं.

व्यायाम तर इतके साधे की पहिले विश्वासच बसला नाही. अर्धा लिटरची पाण्याची बाटली, हात टेबलावर, मनगट डाव्या हातानं वर करायचं आणि उजव्यानं सावकाश खाली सोडायचं. दुखलं तर, म्हटलं. तुम्ही म्हणालात थोडं दुखलं तर चालतं, सकाळी उठल्यावर कालच्यापेक्षा जास्त नको. "गोऱ्ह्याले पहिल्याच दिवशी दिवसभर वखराले जुंपता का काकू?" हे तुम्ही आमच्या भाषेत बोललात तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. मग डाव्या हातानं पण वेचायची सवय लावली, बादली उचलायची तर तळहात वर ठेवून, कमरेचा कापसाचा ओटा भरगच्च व्हायच्या आत धुऱ्यावर रिकामा. मुकादम कुरकुरला, कुरकुरू दे.

आणि ह्यांना आत बोलावून तुम्ही जे सुनावलं ना, की एक्सरेत हाड दिसते, टेंडन दिसत नाही, तेव्हापासून आमच्याकडे चादरी हे पिळतात. चांगल्या पिळत नाहीत, पाणी गळत राहते, पण पिळतात.

पूर्ण गेलं असं नाही. शेवटच्या वेच्याला, थंडीत, अजून ठणकतं. पण गोळ्या सुटल्या आणि या हंगामात एकही खाडा पडला नाही, आमच्यासारख्यांना हे लय आहे ताई.

आता एक काम आहे. येत्या मंगळवारी जाऊबाईला पाठवते, तिची टाच दुखते मागून, तीपण बिब्ब्याच्याच गोष्टी करते. तिला जरा मोठ्यानं सांगा, कमी ऐकू येतं. तुरीच्या शेंगा पाठवते तिच्यासोबत, नाही म्हणू नका.