पार्क हांग-सो जादूगार नव्हते

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर दक्षिण कोरियाचे प्रशिक्षक पार्क हांग-सो यांच्यावरचा लेख वाचला. मराठी वृत्तपत्रात आशियाई फुटबॉलला एवढी जागा मिळते हेच अप्रूप, त्यामुळे आधी आभार. पण लेखाचा सूर असा होता की पार्क आले, त्यांनी कांडी फिरवली आणि व्हिएतनामचा संघ उभा राहिला. २०२४ मध्ये त्यांनी भारताच्या प्रशिक्षकपदासाठी अर्ज केल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा त्यांना घेतले असते तर आपलेही दिवस पालटले असते, असेही लेखात म्हटले होते. यातले पहिले म्हणणे अर्धेच खरे आहे आणि दुसरे मला मुळीच पटत नाही.

पार्क हे कोरियाचे मोठे खेळाडू कधीच नव्हते. चा बुम-कुन किंवा होंग म्युंग-बो यांच्या पंगतीत त्यांचे पान कोणी मांडणार नाही. ऐंशीच्या दशकात ते लकी-गोल्डस्टारकडून (आजचा एफसी सोल) मधल्या फळीत खेळले, १९८५ मध्ये लीगचे विजेतेपद मिळवले. राष्ट्रीय संघाकडून वाट्याला आला तो एकच सामना. त्यांचा चेहरा जगाने पाहिला तो २००२ च्या विश्वचषकात, कोरियाचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक गुस हिडिंक यांचे सहायक म्हणून. पोलंडविरुद्ध पहिला गोल मारून ह्वांग सुन-होंग थेट बाकाकडे धावला आणि त्याने मिठी मारली ती हिडिंकना नव्हे, पार्कना. त्याच वर्षी बुसानच्या आशियाई स्पर्धेत संघ त्यांच्या हाती आला. घरच्या मैदानावर कांस्यपदकावर समाधान मानावे लागले आणि पार्क यांची उचलबांगडी झाली.

पुढची पंधरा वर्षे आपल्या लेखात दोन ओळींत संपली. मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटतात. ग्योंगनाम, जोन्नाम हे क्लब आणि मग सांगजू सांगमू. हा शेवटचा लष्कराचा संघ. कोरियातले खेळाडू सक्तीची लष्करी सेवा बजावता बजावता त्यात खेळतात आणि मुदत संपली की आपापल्या क्लबांत परततात. म्हणजे प्रशिक्षकाने घडी बसवायची आणि ती दर वर्षी मोडायची. अशा संघाला पार्क यांनी २०१३ आणि २०१५ असे दोनदा वरच्या श्रेणीत नेले. हाताशी असतील त्या पोरांना घेऊन थोडक्या वेळात संघ बांधायची सवय त्यांना तिथेच लागली असावी, असा माझा तर्क. त्यानंतर ते तिसऱ्या श्रेणीतल्या चांगवॉन सिटीत होते. कोरियाच्या लेखी हा माणूस संपला होता. २०१७ च्या शरदात व्हिएतनामचे बोलावणे आले ते अशा वेळी.

आल्यानंतरचा वेग खरोखर थक्क करणारा. जानेवारी २०१८ मध्ये चीनमधल्या चांगचौ येथे २३ वर्षांखालील आशियाई स्पर्धेत व्हिएतनामने इराक आणि कतारला पेनल्टीवर हरवले. भर हिमवर्षावात झालेल्या अंतिम सामन्यात न्गुयेन क्वांग हायने फ्री किकवर बरोबरी साधली, आणि जादा वेळेच्या अगदी शेवटी उझबेकिस्तानने गोल केला. हरून परतलेल्या पोरांसाठी हनोईचे रस्ते तासन्‌तास भरून वाहत होते. त्याच वर्षी आशियाई खेळांत उपांत्य फेरी, डिसेंबरमध्ये मलेशियाला नमवून दहा वर्षांनी आग्नेय आशियाचा चषक, २०१९ आणि २०२२ मध्ये सी गेम्सची (आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धांची) सुवर्णपदके.

आता मूळ मुद्दा. ही पोरे पार्क यांना आयती मिळाली होती. प्लेकू या डोंगराळ भागातल्या गावी डोआन न्गुयेन डुक या उद्योगपतीने २००७ मध्येच आर्सेनल या इंग्लिश क्लबच्या साथीने अकादमी काढली होती. हनोई क्लबची स्वतःची युवा फळी होती. पार्क येण्याआधीच, २०१७ च्या मे महिन्यात, व्हिएतनामची मुले २० वर्षांखालील विश्वचषक खेळून आली होती. पार्क यांचा सुरुवातीचा पगारही याच डुक महाशयांनी दिला. बियाणे दहा वर्षे आधी पेरले होते, पार्क सुगीला आले.

सुगीला आलेल्याचेही श्रेय असते, ते नाकारत नाही. व्हिएतनामी खेळाडूंचा दम कमी पडतो, असे सगळे म्हणत. पार्क यांनी पाहिले की दम ठीक आहे, कमरेच्या वरचे अंग अशक्त आहे. मग व्यायाम आणि आहार त्यानुसार बदलला. मागे चारऐवजी तीन बचावपटू ठेवले. खेळाडूचे पाय स्वतः चेपून देतानाची त्यांची चित्रफीत घरोघर पोचली. पण माझ्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट कागदावरची होती: वरिष्ठ आणि २३ वर्षांखालील, दोन्ही संघ एकाच माणसाकडे. चांगचौच्या बर्फात खेळलेली मुले वर्षभरात वरिष्ठ संघात होती आणि त्यांना नवा माणूस, नवी पद्धत शिकावी लागली नाही. शिवाय देशाची लीग आड येत नव्हती. २०२२ च्या सी गेम्ससाठी तर ती थांबवली होती.

याउलट आपले पाहा. आपल्या वरिष्ठ संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांच्याकडेही २०२३ च्या हांगचौ आशियाई खेळांत युवा संघ होता. क्लब खेळाडू सोडेनात, शिबिर झालेच नाही, संघ सामन्याच्या आदल्या संध्याकाळी पोचला आणि चीनकडून १-५ असा हरला. त्या बाकावर पार्क बसले असते तर काय वेगळे झाले असते? फार तर १-३.

२०१९ च्या आशियाई चषकाच्या तोंडावर जागतिक क्रमवारीत भारत ९७ वा आणि व्हिएतनाम १०० वा होता, हे आज कुणाला खरे वाटणार नाही. आपापल्या गटात दोघांनाही तीनच गुण मिळाले. आपण थायलंडला ४-१ ने हरवूनही गटात तळाला राहून घरी आलो. ते लेबनॉनपेक्षा पिवळी कार्डे कमी म्हणून पुढे सरकले आणि उपांत्यपूर्व फेरीत जपानशी ०-१ असे झुंजले. इथे नशिबाचा हात होता, हे मान्य करायला हवे.

लेखात पार्क यांची मर्यादाही यायला हवी होती. २०२२ च्या विश्वचषक पात्रतेच्या अखेरच्या फेरीत व्हिएतनाम प्रथमच पोचला, पण दहापैकी आठ सामने हरला. एकच विजय, चीनवर, तोही चांद्र नववर्षाच्या दिवशी. पार्क गेल्यावर आलेले फिलिप त्रूसिए वर्षभरात गेले आणि पुन्हा एक कोरियनच, किम सांग-सिक, आले. २०२५ च्या जानेवारीत त्यांनी थायलंडला हरवून आग्नेय आशियाचा चषक परत आणला. प्रशिक्षक बदलूनही चषक येतो, याचा अर्थ पार्क यांच्यामागे आणखी काही होते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर आपण सिंगापूरकडून १-२ हरून आशियाई चषकाबाहेर पडलो. दोन्ही गोल साँग उई-यंगचे, जो कोरियात जन्मला आणि सिंगापूरचा नागरिक झाला. त्यानंतरही आपल्या पानावर चर्चा झाली ती प्रशिक्षक कोण असावा याचीच. माझी विनंती एवढीच, की आपल्या प्रतिनिधीने एकदा भारतीय फुटबॉल महासंघाला विचारावे: येत्या दोन वर्षांत २३ वर्षांखालील संघाची शिबिरे किती दिवसांची, आणि त्या दिवसांत क्लब खेळाडू सोडणार का? उत्तर आले तर छापा. आले नाही तर तेही छापा.

आपला,
एक फुटबॉलवेडा वाचक, कोल्हापूर