ओलं, दमट, कोरडं

प्रिय सोनू,
अनेक आशीर्वाद.

जलरंग शिकायचं ठरवलंस, छान केलंस. २४ रंगांची पेटी घेऊ की ४८ ची, हे विचारलंयस त्याचं उत्तर आधी देऊन टाकते: दोन्ही नको. सहा-सात ट्यूब पुरतात. वाचलेले पैसे कागदावर घाल. मी काही चित्रकार नाही, तुझ्या चार पावलं पुढे असलेली विद्यार्थिनी आहे, पण एवढं ठामपणे सांगू शकते.

साध्या ड्रॉइंग पेपरवर पाणी पडलं की तो फुगतो, उंचवटे येतात आणि रंग खळग्यांत जाऊन साचतो. त्याच जागी पुन्हा ब्रश फिरवला तर तंतू सुटायला लागतात. शिकणाऱ्याला वाटतं आपला हातच वाईट. हात वाईट असतोच सुरुवातीला, पण बिचाऱ्याला कागदाचाही दोष भोगावा लागतो. कापसाच्या लगद्यापासून केलेला, ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड), कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरखरीत पृष्ठभागाचा कागद घे. चांगल्या कागदाला खळ दिलेली असते, बऱ्याचदा जिलेटिनची. त्यामुळे रंग लगेच आत शोषला न जाता थोडा वेळ वर राहतो आणि तुला विचार करायला सवड मिळते. कागद महाग आहे म्हणून जपून ठेवू नकोस. एका मोठ्या तावाचे आठ तुकडे कर आणि दोन्ही बाजू वापर.

आता मुख्य गोष्ट. पुस्तकं, व्हिडिओ सगळे रंगांबद्दल बोलतात. मला मात्र दिवसेंदिवस वाटायला लागलंय की रंग हा दुय्यम विषय आहे आणि खरं शिक्षण पाण्याचं आहे. आत्ता या क्षणी कागद किती ओला आहे आणि माझ्या ब्रशमध्ये किती पाणी आहे, या दोन प्रश्नांतच जलरंगाचं बहुतेक सगळं येतं.

कागदावर पाण्याचा हात दिलास की तो तिरका धरून उजेडात बघ. चकचकीत दिसतो तोवर रंग टाकलास तर तो वाट फुटेल तिकडे पळतो. आकाश, धुकं, लांबचे डोंगर यांना ते चालतं. मग चकाकी कमी होत जाते. ती जायच्या बेतात असताना टाकलेला रंग पसरतो, पण आपल्या जागेच्या आसपासच राहतो आणि कडा मऊ येते. मला सगळ्यात आवडणारी वेळ हीच, आणि ती फार थोडी टिकते. पंख्याखाली बसलीस तर आणखीच थोडी.

त्यानंतर येतो तो खरा फसवा टप्पा. चकाकी गेलेली असते, कागद कोरडा दिसतो, पण आत ओल असते. अशा वेळी पाण्याने भरलेला ब्रश टेकवला की नवं पाणी जुन्या रंगाचे कण बाहेर ढकलत नेतं आणि कंगोऱ्या-कंगोऱ्यांचा डाग उमटतो. तो दुरुस्त करायला गेलं की वाढतो. बोटांची मागची बाजू हलकेच कागदाला लावून बघ: गार लागला तर आत ओल आहे, थांब. आणि ओल्यावर रंग द्यायचाच असेल तर ब्रशमधलं पाणी कागदावरच्या पाण्यापेक्षा कमी हवं, रंग दाट हवा. हा एक नियम कळला आणि माझे निम्मे डाग थांबले. त्यासाठी शेजारी जुना सुती कपडा ठेव आणि ब्रश दर वेळी त्यावर टेकव. माझ्या मते या कपड्याचं महत्त्व ब्रशइतकंच आहे.

आणखी एक चकवा: ओला असताना रंग हवा तसा गडद दिसतो, वाळल्यावर फिका पडतो. म्हणून सुरुवातीची सगळी चित्रं अशक्त दिसतात. टाकताना जरा जास्तच झाला असं वाटेल इतका दाट टाक.

पांढरा रंग विकत घेऊ नकोस. जलरंग पारदर्शक असतात. उजेड त्यांच्यातून कागदापर्यंत जातो आणि परत येतो, चित्राला चमक येते ती त्यामुळे. म्हणजे पांढरं म्हणजे न रंगवलेला कागद, आणि तो कुठे सोडायचा हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं. चित्रकार सा. ल. हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र तू पाहिलं आहेस. आपल्याच मुलीला समोर उभं करून त्यांनी ते १९४५-४६ च्या सुमारास केलं, मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. मला कितीतरी वर्षं ते तैलचित्र वाटायचं. जलरंग आहे हे कळलं तेव्हा नुसतं कौतुक वाटलं होतं. आता हातात ब्रश घेतल्यावर धडकी भरते.

रंगांचं थोडक्यात. ट्यूबवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक असतो, अल्ट्रामरीन या निळ्या रंगावर पीबी २९, तसा. शक्यतो एकच क्रमांक असलेल्या ट्यूब घे. ज्यात आधीच तीन-चार द्रव्यं कालवलेली आहेत त्यात तू आणखी दोन मिसळलीस की मळकट चिखल होणारच. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एवढ्या दोघांत निळसर करड्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळं मिळतं, तेव्हा काळी ट्यूबही नको. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दाणेदार पोत आपोआप येतो. मला तो बघत बसायला आवडतं. ॲलिझरीन क्रिमसन हा गडद लाल सुंदर दिसतो, पण उजेडात उडतो. भिंतीवर लावायच्या चित्रात नको.

रेखाटन कच्चं आहे म्हणून रंग लांबणीवर टाकू नकोस, दोन्ही बरोबर चालू दे. फक्त पेन्सिल हलकी ठेव आणि खोडरबर कमी वापर, कारण घासलेल्या जागी खळ निघते आणि तिथे रंग वेगळाच बसतो. शिवाय काढायला घेतलेल्या वस्तूकडे कागदापेक्षा जास्त वेळ बघ. कपाचं तोंड गोल असतं हे आपल्याला माहीत असतं, म्हणून हात गोल काढतो. समोरून दिसते ती मात्र चपटी लंबगोल. माहिती आणि नजर यांचं हे भांडण माझं अजून मिटलेलं नाही.

पहिले काही दिवस चित्र काढूच नकोस. एकच रंग घे, गडदपासून फिक्यापर्यंत नुसते पट्टे ओढ. कंटाळवाणं आहे, मान्य. पण ब्रशमधलं पाणी हाताला कळायला दुसरा रस्ता मला तरी सापडला नाही. मग एखादं फळ, एका बाजूने उजेड पाडून.

आणि काम झालं की ब्रश पाण्याच्या मगात टोकावर उभे ठेवून उठू नकोस. टोकं वाकतात, लाकूड फुगतं, मुठीवरचा रंग सुटतो. धुऊन, बोटांनी टोक करून आडवे वाळव. तू भांडी कशी ठेवतेस ते मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पट्ट्यांचे फोटो पाठव, पण वाळल्यावर काढलेले.

तुझी,
आई