फिर्यादीच्या नावाने शिक्षा वाढवू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

२०१७ साली नाशिकच्या न्यायालयात एका तरुणाला भारतीय दंड संहितेच्या कलम ३२६ खाली दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. त्या खटल्यातला फिर्यादी मी. तेव्हा मी सातपूर औद्योगिक वसाहतीत टर्नर होतो. मोटारसायकल लावण्यावरून गल्लीत भांडण झालं आणि त्याने लोखंडी गज घातला. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं आजही मिटत नाहीत. लेथवर जॉब धरता येईना, म्हणून स्टोअरमध्ये बसावं लागलं आणि पगार कमी झाला. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं कोण लिहितो आहे ते वाचकांना कळेल.

जानेवारी २०१९ मध्ये तो नाशिकरोड कारागृहातून सुटला. कंपन्यांमध्ये कुणी उभं केलं नाही, तेव्हापासून पंचवटीच्या मार्केट यार्डात हमाली करतो. गेल्या श्रावणात त्याची बायको आमच्या दारात आली. चपला बाहेर काढून उंबऱ्यापाशीच उभी राहिली. म्हणाली, "काका, तुमची एक सही पाहिजे." दोघांना मिसळ-वडापावची गाडी लावायची होती. विक्री प्रमाणपत्राच्या अर्जासोबत कार्यालयात पोलिसांची चारित्र्य पडताळणी मागितली, त्यात जुना गुन्हा निघाला, आणि खिडकीवरच्या माणसाने सांगितलं की फिर्यादीची ना हरकत आणा, मग बघू.

तो कागद मी दोन दिवस कपाटात ठेवला. माझी बायको म्हणत होती, देऊ नका. शेवटी सही करून दिली. त्यालाही आता बरेच महिने झाले. अजून प्रमाणपत्र नाही आणि नकारही नाही. "साहेबांच्या टेबलावर आहे" एवढंच उत्तर मिळतं.

मी त्याला माफ केलं आहे असं लिहिणार नाही. सकाळी शर्टाची बटणं लावताना तो आठवतोच. पण न्यायालयाने दोन वर्षं दिली, ती त्याने भोगली आणि माझा हिशोब तिथे संपला. त्यापुढची शिक्षा माझ्या नावाने खिडकीवर बसून दुसऱ्या कुणी द्यावी, हे मला मान्य नाही.

माझी भाची वकिली शिकते. तिने मला पथविक्रेत्यांचा २०१४ चा केंद्रीय कायदा वाचायला दिला. कलम ५ मध्ये विक्रेत्याने कोणती हमी द्यायची ते लिहिलं आहे: धंदा स्वतः किंवा घरच्या माणसांमार्फत करीन, उपजीविकेचं दुसरं साधन नाही, प्रमाणपत्र दुसऱ्याला देणार नाही, भाड्यानेही नाही. जुन्या शिक्षेचा तिथे शब्दही नाही. कलम ११ प्रमाणे पथविक्रेता समितीने प्रमाणपत्राबाबत दिलेल्या निर्णयावर अपील करता येतं. पण निर्णयच दिला नाही तर अपील कशावर करायचं? माझ्या मते खरी मेख इथेच आहे. लेखी नकार दिला की त्याला कारण लागतं आणि ते कारण कायद्यात दाखवावं लागतं. तोंडी "बघू" म्हटलं की काहीच दाखवावं लागत नाही.

तिनेच आणखी दोन गोष्टी दाखवल्या, त्या वाचून मी थक्क झालो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ९ प्रमाणे हिंसेच्या गुन्ह्यात कैद झालेल्याला शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं बंदूक बाळगता येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ८ प्रमाणे दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेल्याला सुटकेनंतर आणखी सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. बंदुकीची बंदी पाच वर्षांची, आमदारकीची सहा वर्षांची. मिसळीच्या गाडीला मात्र बंदी कायद्यात नसताना ती घातली जाते, आणि ती कधी उठणार हे कुणी सांगत नाही.

नाशिकमध्ये गुंडगिरीचा त्रास आहे, हे मला कुणी सांगायला नको. २०२५ च्या ऑक्टोबरात पोलिसांनी गुन्हेगारांवर कारवाई सुरू केली, "नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला" ही घोषणा शहरभर झाली, तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. रात्री एकट्या बाईला घेऊन जाणाऱ्या रिक्षावाल्याची, शाळेच्या व्हॅनवाल्याची चौकशी व्हायलाच हवी. भेसळीत शिक्षा झालेला माणूस खाद्यपदार्थ विकायला निघाला तर त्यालाही जरूर अडवा. गुन्ह्याचा धंद्याशी संबंध आहे का, त्याला किती वर्षं झाली आणि मधल्या काळात माणूस कसा वागला, एवढं पाहून ठरवता येतं. या मुलावर सुटल्यापासून एकही तक्रार नाही. अन्नसुरक्षेची नोंदणी त्यांनी वर्षाला १०० रुपये भरून केली. तिथे स्वच्छतेबद्दल माहिती द्यावी लागली, जुन्या खटल्याबद्दल कुणी विचारलं नाही.

आणि एक. नाशिकरोड कारागृहात कैदी शाडूच्या गणेशमूर्ती घडवतात. चतुर्थीच्या आधी लोक तिथे जाऊन हौसेने मूर्ती घेतात. हा मुलगाही तिथे मूर्ती घडवायला शिकला. त्याच्या बायकोने हे सांगितलं तेव्हा मी तिला घरात बोलावलं आणि बसायला सांगितलं. त्याआधी ती दारातच उभी होती, आणि मी तिला आत या म्हटलं नव्हतं.

२०२७ च्या सिंहस्थासाठी रामकुंडापासून तपोवनापर्यंत किती तरी नव्या गाड्या लागतील, त्यांचे अर्ज येतील. त्याआधी नगर पथविक्रेता समितीने एवढं जाहीर करावं की कायद्यात नसलेला कागद मागितला जाणार नाही, फिर्यादीची ना हरकत तर मुळीच नाही, आणि नकार असेल तर तो ठरलेल्या मुदतीत, कारणासह लेखी मिळेल.

त्या मुलाच्या अर्जाला नाही म्हणायचं असेल तर तेही कागदावर म्हणा. अपिलाच्या दिवशी मी रजा टाकून त्याच्या बाजूने हजर राहीन.

आपला,
एक फिर्यादी, सातपूर, नाशिक
(कृपया नाव छापू नये)