विनूला, कॅमेरा विकण्याआधी

प्रिय विनू,

तुझं पत्र मिळालं. "सगळं एका पिशवीत भरून एकाच गिऱ्हाइकाला देऊन टाकतो आणि मोकळा होतो," हे वाक्य वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. असं करू नकोस. सगळं एकत्र घेणारा माणूस त्यातल्या एकाच वस्तूसाठी येतो आणि बाकीच्यांचा भाव शून्य धरतो. तुझी निकॉन डी७५० बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), २४-१२० झूम लेन्स, ५० एमएम लेन्स आणि बाबांचा जुना पेंटॅक्स कॅमेरा यांची गिऱ्हाइकं चार वेगळी माणसं आहेत. एकेक वस्तू सुटी विक. वेळ लागेल, पण पैसे नक्की जास्त येतील.

सुरुवात बॉडीपासून कर, कारण तिचा भाव सगळ्यात भराभर उतरतो. डी७५० आली २०१४ साली. नवीन मॉडेल आलं की जुन्या बॉडीची किंमत पडते. लेन्सचं तसं होत नाही, चांगली काच वर्षानुवर्षं भाव धरून राहते. म्हणून लेन्स विकायच्या की नाही हे अजून ठरत नसेल तर थांब, बॉडीच्या बाबतीत मात्र थांबू नकोस.

गिऱ्हाईक पहिला प्रश्न शटर काउंटचाच विचारेल, म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा आजवर किती वेळा उघडला याचा. तू काढलेला शेवटचा फोटो, मूळ फाइल, काहीही एडिट न केलेली, कॉम्प्युटरवर एक्झिफ, म्हणजे फोटोबरोबर साठवलेली माहिती, दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघड. निकॉन हा आकडा फोटोतच लिहून ठेवतं. तुझ्या बॉडीचं शटर १ लाख ५० हजार वेळा चालेल अशी चाचणी कंपनीने घेतलेली आहे. तुझा आकडा ४० हजार असेल तर जाहिरातीच्या पहिल्या ओळीत लिही. १ लाख २० हजार असेल तरी पहिल्याच ओळीत लिही.

हे इतक्या ठामपणे का सांगतोय, तर माझ्याच हातून झालेली चूक आठवते. तीन वर्षांपूर्वी मी माझी ७०-२०० लेन्स विकायला काढली. पुढच्या काचेवर नखाएवढा एक पुसट ओरखडा होता. फोटोत तो कधी दिसला नव्हता, म्हणून मी जाहिरातीत त्याबद्दल काहीच लिहिलं नाही. "नव्यासारखी" असं मात्र लिहिलं. गिऱ्हाईक घरी आलं, लेन्स ट्यूबलाइटखाली तिरकी धरली आणि ओरखडा बघून गप्प झालं. मग त्याने झूम रिंग दहा वेळा फिरवली, पडली होती का विचारलं, दुरुस्तीला दिली होती का विचारलं. मी खरंच सांगत होतो, पण आता कुठल्याच उत्तरावर त्याचा विश्वास बसत नव्हता. व्यवहार मोडला. पुढच्या वेळी मी जाहिरातीत पहिला फोटो त्या ओरखड्याचाच टाकला. दुसरा फोटो त्याच लेन्सने समोरून उजेड घेऊन काढलेला. तिघांचे फोन आले आणि कोणीच घासाघीस केली नाही. पुढच्या काचेवरच्या बारीक ओरखड्याने चित्र फारसं बिघडत नाही, मागच्या काचेवरचा मात्र जास्त जाचतो, हे जाणकारांना माहीत असतं. लपवलेलं काहीतरी आहे ही शंका मनात आली की मात्र जाणकारही हात आखडता घेतो.

तेव्हा लेन्स आधी तूच तपास, निर्दयपणे. खोलीत अंधार कर. दोन्ही कॅप काढ. तुझ्या २४-१२० ला अ‍ॅपर्चर रिंग (उजेडाचं भोक लहानमोठं करायची कडी) नाही, म्हणून मागची छोटी दांडी बोटाने हलकेच सरकवून त्या भोकाच्या पाकळ्या पूर्ण उघड्या धर. मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मार आणि पुढून बघ. धुळीचे कण दिसतील, त्यांचं काही नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा झाडाच्या मुळांसारखे बारीक धागे दिसले तर ते फंगस, म्हणजे बुरशी. काठाला एखादा धागा असेल तर लेन्स साफ करून देणाऱ्याला दाखव. काचेवरचं कोटिंग खाल्लं गेलं असेल तर ते परत येत नाही, मग आहे तसं लिहून भाव कमी ठेव. धुकं धरल्यासारखी पांढरट झाक दिसली तरी तेच. आणि तोवर ती लेन्स बाकीच्यांबरोबर एकाच बॅगेत ठेवू नकोस.

सेन्सरसाठी एफ/१६ वर, म्हणजे भोक अगदी बारीक करून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढ, फोकस मुद्दाम घालवून. काळे ठिपके दिसले तर ब्लोअरने हवा मार. त्याने गेले नाहीत तर ते काम सर्व्हिसवाल्याकडे दे. विकायच्या आदल्या रात्री स्वतः कापूस फिरवायला जाऊ नकोस, विनू. धुळीचा ठिपका साफ होतो, सेन्सरवर पडलेला ओरखडा कायमचा राहतो.

आता ५० एमएम. तुझी १.८डी आहे ना? तिच्यात स्वतःची मोटर नाही, ती बॉडीतल्या मोटरवर फोकस करते. निकॉनच्या नव्या झेड बॉडीवर कंपनीचा, जुन्या लेन्स बसवायचा एफटीझेड अ‍ॅडॅप्टर लावला तरी तिचं ऑटोफोकस चालत नाही. हे जाहिरातीत स्पष्ट लिही, नाहीतर कोणीतरी विकत घेऊन आठवड्याने परत आणेल. आणि हेही लिही की तिला अ‍ॅपर्चर रिंग आहे, म्हणजे जुन्या फिल्म बॉडीवर ती नीट चालते. तिला शोधणारी माणसं तिथेच आहेत.

भाव ठरवताना लोक किती मागतायत ते बघू नकोस, कितीला विकलं गेलं ते बघ. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या गाळून दिसतात. मागितलेली किंमत म्हणजे नुसती इच्छा असते, महिनाभर तशीच पडून असते. दुकानदार तुला त्याहून कमीच देईल. त्यात वाईट वाटून घेऊ नकोस, त्याला पुढे वॉरंटी द्यायची असते. फ्लॅश, फिल्टर, ट्रायपॉड असल्या किरकोळ वस्तू खुशाल त्याला दे. त्यांच्यासाठी दहा फोन घेण्यात अर्थ नाही.

मूळ खोका, बिल, चार्जर, हूड, दोन्ही कॅप जे सापडेल ते शोध. फोटो खिडकीच्या उजेडात काढ, फ्लॅश मारू नकोस. मेन्यूत जाऊन कॉपीराइटमधलं तुझं नाव पूस आणि सेटिंग रीसेट कर. मेमरी कार्ड देऊ नकोस. फॉर्मॅट केलेल्या कार्डातले फोटोही बऱ्याचदा परत काढता येतात, आणि त्यात मुलीचे फोटो आहेत. सीरियल नंबर लिहून ठेव. पैसे आले की नाही हे तुझ्या बँकेतच बघ, समोरच्याच्या मोबाइलवर नको.

राहिला बाबांचा पेंटॅक्स, तो स्पॉटमॅटिक. तू लिहिलंस की त्याची ५० एमएम एफ/१.४ टाकुमार लेन्स पिवळी पडलीय, म्हणून ती फुकट देतोस. विनू, ती खराब झालेली नाही. त्या लेन्सच्या ७ काचांच्या आवृत्तीत थोरियम मिसळलेली काच आहे, आणि त्याच्या किरणोत्सर्गाने काच वर्षांनुवर्षं पिवळी होत जाते. उन्हातल्या अतिनील किरणांनी ती पुन्हा उजळते. कॅप काढून खिडकीत ऊन येईल तिथे ठेव, काही आठवडे. मात्र उन्हात लेन्स भिंगासारखी आग लावू शकते, म्हणून मागे अ‍ॅल्युमिनियमचा कागद लाव आणि आसपास कागद-कापड ठेवू नकोस. स्क्रू माउंटच्या, म्हणजे आटे फिरवून बसवायच्या, या लेन्स साध्या अ‍ॅडॅप्टरने आजच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांवर बसतात, म्हणून त्यांना मागणी आहे.

पण ती विकण्याआधी तिच्यातून एकदा बघ. तुझा शाळेतला तो फोटो, दप्तर पायाशी ठेवून उभा असलेला, याच लेन्सने काढलेला आहे. बाबांनी मला स्वतः सांगितलं होतं. बाकी सगळ्याची जाहिरात या आठवड्यात टाक, मजकूर मला आधी पाठव, मी वाचून देतो. ही लेन्स मात्र ऊन खाऊन होईपर्यंत खिडकीतच राहू दे. मग मला फोन कर.

तुझा,
अनिरुद्ध