‘थोडे शिंतोडे उडतील’ असे सांगून नखशिखांत भिजवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : पाण्याच्या राईडमध्ये किती भिजायला होते याची खरी माहिती तिकीट काढतानाच न देणे, तसेच लॉकर, कपडे बदलण्याची जागा व गरम पाणी यांची अपुरी सोय.

महोदय,

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातून शाळांच्या व कुटुंबांच्या सहली आपल्या मनोरंजन उद्यानात आणणारे आम्ही शिक्षक आणि पालक हे पत्र लिहीत आहोत. राईड उत्तम आहेत, जीवरक्षक डोळ्यांत तेल घालून उभे असतात, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण भिजण्याविषयी आपण ग्राहकाला जे सांगता आणि प्रत्यक्षात जे होते, त्यांत फार अंतर आहे. त्याचा त्रास लहान मुलांना आणि वयस्कर माणसांना होतो.

तिकिटाच्या पानावर तिन्ही मोठ्या राईडसाठी ‘थोडे शिंतोडे उडतील’ हे एकच वाक्य आहे. या तीन राईडमध्ये भिजण्याचे प्रमाण सारखे नाही. ओंडक्याच्या आकाराच्या बोटीत पुढच्या माणसाच्या छातीवर लाट येते आणि मागचे त्यामानाने कोरडे राहतात. पण बोटीत चार दांडगी माणसे बसली की ती पाण्यात खोल जाते, लाट मोठी उठते आणि कोणीच सुटत नाही. गोल तराफा फिरत जातो, त्यामुळे धबधब्याखाली कोणाची पाठ येईल ते सांगता येत नाही. शिवाय कडेवरून आत आलेले पाणी बैठकीवर साचते, म्हणजे वरून वाचलेला माणूसही कमरेखाली भिजतोच. तराफ्याच्या मधोमध ठेवलेली पिशवी कोरडी राहील असे लोकांना वाटते, तीही भिजते. आणि उंचावरून कोसळणाऱ्या मोठ्या होडीची लाट समोरच्या पुलावर जाते. तिथे तान्ही बाळे घेऊन फोटो काढायला थांबलेल्यांनी तर राईडचे तिकीटही काढलेले नसते. पुलावर कुठेही फलक नाही. लाट कुठपर्यंत पोचते ते आपल्या माणसांना रोज दिसते. तेवढ्या भागावर पिवळा पट्टा मारणे एका सकाळचे काम आहे.

दुसरी अडचण राईडच्या मांडणीची. ओंडक्याची बोट फाटकाजवळच असल्यामुळे गर्दी आधी तिकडेच वळते. साडेदहाला चिंब झालेला माणूस मग दिवसभर ओल्या कपड्यांत कोरड्या राईड फिरतो आणि दुपारी वातानुकूलित चित्रगृहात जाऊन बसतो. सुती कपडा पाणी धरून ठेवतो, ते वाळताना अंगातली ऊब ओढून घेते. जीन्सचे तर आणखी वाईट, ती जड होते आणि चालताना मांड्या सोलवटतात. आम्ही आमच्या लोकांना सांगतो : कोरड्या राईड आणि जेवण आधी, भिजणे एकदाच आणि सलग, मग अंघोळ करून कोरडे कपडे. पण आपला नकाशा आणि कर्मचारी उलट दिशेने पाठवतात. नकाशावर क्रमांक घालताना हा विचार करावा.

मुलांच्या बाबतीत ही गोष्ट गंभीर आहे. आमच्याकडच्या शाळांच्या सहली बहुतेक डिसेंबर-जानेवारीत निघतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे, त्या दिवसांत सहानंतर अंधार पडतो आणि गारठा चढतो. लहान मुलाचे अंग मोठ्यांपेक्षा लवकर गार पडते. ओठ निळसर दिसले, दात वाजू लागले की मुलाला पाण्याबाहेर काढून कोरडे करायलाच हवे. उन्हात उभे करून भागत नाही. अशा वेळी आपल्या शॉवरला गरम पाणी नसते. लाटांचा तलाव उद्यान बंद होण्याच्या वेळेपर्यंत चालू राहतो आणि मुले शेवटच्या भोंग्यापर्यंत त्यातून निघत नाहीत. मग एकदम सगळी गर्दी कपडे बदलायला लोटते, जागा मिळत नाही, आणि अर्धी मुले ओल्या केसांनी, ओल्या चड्डीवर पँट चढवून बसमध्ये बसतात. पुढे राष्ट्रीय महामार्ग ४८ वरचा रात्रीचा प्रवास आणि खिडकीचा वारा. सर्दी-तापाची मुले दुसऱ्या दिवशी वर्गात दिसत नाहीत, आणि पालक जाब शिक्षकांना विचारतात. हिवाळ्यात पाण्याचे खेळ बंद होण्याच्या वेळेआधी दीड तास थांबवावेत, किमान शालेय गटांसाठी तरी. निदान दोन खोल्यांत गरम पाणी असावे. आम्हाला याहून महत्त्वाचे काही वाटत नाही.

घसरगुंड्यांवर आणि तलावात नायलॉनचे कपडे सक्तीचे आहेत, हा नियम योग्यच आहे आणि त्याला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. सुती कपड्याचा रंग आणि धागे पाण्यात सुटून गाळणीत अडकतात, धातूची चेन किंवा बटण फायबरच्या पृष्ठभागावर ओरखडे पाडते, आणि ओढणी किंवा पदर अडकला तर जिवावर बेतू शकते. पण हा नियम कळतो तो फाटकावर! तोवर घरून कपडे आणण्याची वेळ गेलेली असते आणि भाड्याच्या कपड्यांवाचून पर्याय उरत नाही. तेही वयस्कर बायकांच्या मापाचे नसतात. पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा पोशाख मिळाला तर आमच्याकडच्या कितीतरी आज्या आणि मावश्या काठावर पिशव्या राखत बसणार नाहीत. कपड्यांची अनामत परत मिळण्याची खिडकी एकच आहे, तीही संध्याकाळी, बसची वेळ झालेली असताना.

लॉकरचे भाडे एकदाच घेऊन दिवसभर उघडझाप करू द्यावी. सध्या एकदा उघडले की पुन्हा पैसे भरावे लागतात, म्हणून लोक मोबाईल आणि औषधे अंगावरच ठेवतात. तुमच्या दुकानातल्या मोबाईलच्या पिशव्यांवर ‘पूर्ण सुरक्षित’ असे छापले आहे. खात्री करायची तर अशा पिशवीच्या आत कागदी रुमाल ठेवून, तोंड बंद करून, बादलीतल्या पाण्यात अर्धा तास वजनाखाली दाबून ठेवावी. आम्ही हे करून पाहिले तेव्हा काही पिशव्यांतला कागद कडेच्या जोडापाशी ओला निघाला. मोबाईलवर आयपी ६७ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलेले असले तरी ती चाचणी एक मीटर खोल, स्थिर, गोड्या पाण्यात तीस मिनिटांची असते. घसरगुंडीवरचा जोराचा मारा आणि क्लोरीनचे पाणी त्यात धरलेले नाही. भिजलेला फोन कोरडा होण्याआधी चार्जिंगला लावला की संपर्कबिंदू गंजतात. दुकानातल्या माणसाने एवढे सांगितले तरी पुष्कळांचे नुकसान टळेल.

कपडे बदलण्याच्या खोल्यांत खुंट्या नाहीत, बाक नाही, आणि फरशीला उतार नसल्याने पाणी साचून राहते. कोरडी पँट घालताना तिचे पाय भिजतातच. आमचे लोक आता पिशवीत पिशवी घालून, सगळ्यांत वर पंचा, त्याखाली आतले कपडे अशा क्रमाने भरून आणतात. जाड टॉवेलपेक्षा पंचा लवकर वाळतो आणि जागाही कमी घेतो. पण पिशवी अडकवायला खुंटी तरी हवी की नाही?

तलावाच्या पाण्याची रोजची नोंद दर्शनी भागात लावावी. मुक्त क्लोरीन (पाण्यात अजून वापरले न गेलेले) आणि पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कली आहे ते) हे दोन आकडे पुरेत. पीएच ७.५ च्या आसपास असताना मुक्त क्लोरीनपैकी जोमाने जंतू मारणारा भाग साधारण निम्मा असतो, ८ वर गेला की तो पाव हिश्श्यावर उतरतो, त्यामुळे नुसते क्लोरीन वाढवून उपयोग होत नाही. डोळे चुरचुरणे आणि तो उग्र वास बहुतेक वेळा घाम व लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन येतो. यावर इलाज म्हणजे पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाला शॉवरखालून जायला लावणे. ती सक्ती कागदावर आहे, वाटेत तिथे माणूस नसतो.

सूचनाफलक कन्नड व इंग्रजीत आहेत. कन्नड असायलाच हवी. सोबत मराठीही द्यावी, कारण सीमाभागातून येणारी निम्मी आजी-आजोबा मंडळी तीच वाचतात आणि उंचीची, हृदयविकाराची, गरोदरपणाची सूचना त्यांच्यापर्यंत पोचणे गरजेचे आहे.

यापूर्वी दूरध्वनीवर तक्रार केली तेव्हा ‘पाण्याची राईड म्हटल्यावर भिजणारच’ असे उत्तर मिळाले. भिजायलाच आम्ही येतो. किती, कुठे आणि नंतर कोरडे कसे व्हायचे, हे आधी कळावे एवढेच मागणे आहे. प्रत्येक राईडपुढे ‘कोरडे’, ‘शिंतोडे’, ‘कमरेपर्यंत’, ‘पूर्ण चिंब’ यांपैकी एक शब्द तिकिटाच्या पानावर छापावा आणि कपड्यांचा नियम त्याच पानावर यावा.

या पत्राचे लेखी उत्तर तीस दिवसांत मिळावे. न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आम्ही राहतो त्या बेळगाव जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटीची तक्रार दाखल करू. येत्या डिसेंबरच्या सहलींचे आरक्षण आम्ही उत्तर येईपर्यंत थांबवले आहे.

आपले,
बेळगाव, खानापूर व निपाणी परिसरातील सहल आयोजक शिक्षक आणि पालक

सोबत : तिकिटांच्या व लॉकरच्या पावत्यांच्या प्रती, तिकिटाच्या पानाची छापील प्रत, कपडे बदलण्याच्या खोल्यांची व पुलाची छायाचित्रे.