ताई, तू यादी दिली नाहीस म्हणून

प्रिय ताई,

आपण जवळजवळ रोज फोनवर बोलतो, तरी हे मला बसून, नीट लिहायचं होतं. आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहायचं होतं, कारण मोजक्या पैशांत पहिला गेमिंग पीसी जुळवायला निघालेल्या प्रत्येकाच्या पाठीशी तुझ्यासारखं माणूस असेलच असं नाही.

मी तुला पाठवलेला पहिला मेसेज आठवतो का? "ताई, एवढं बजेट आहे, पार्ट्सची यादी पाठव." तुझं कामच मुळी बंद पडलेले कॉम्प्युटर उघडून दुरुस्त करायचं. अशी यादी तू हातातलं काम न थांबवता सांगितली असतीस. पण तू ती पाठवली नाहीस. उलट मलाच विचारलंस, "खेळणार काय? आणि बघणार कशावर?"

मॉनिटर मी हिशेबात धरलाच नव्हता. सगळे पैसे कॅबिनेटच्या आत घालायचे आणि मॉनिटरचं नंतर बघू, असं माझं चाललं होतं. तू मला गुणाकार करायला लावलास. १९२० गुणिले १०८०, ज्याला १०८०पी म्हणतात, म्हणजे पडद्यावर सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके. २५६० गुणिले १४४० केलं की तोच आकडा ३६ लाख ८६ हजारांवर जातो. आणि फोर-के म्हणजे जवळपास ८२ लाख ९४ हजार, १०८०पीच्या बरोबर चौपट. "हे सगळे ठिपके ग्राफिक्स कार्डाला सेकंदाला साठ वेळा, शंभर वेळा रंगवायचे असतात. तुझ्या पैशांत किती रंगवून होतील ते सांग," असं तू म्हणालीस. १०८०पी तिथेच ठरलं आणि ते ठरल्याबरोबर निम्मे पर्याय आपोआप गळाले.

मग तू गेम्सची नावं कागदावर काढायला सांगितलीस. मी व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, एल्डन रिंग आणि सायबरपंक २०७७ अशी चार नावं लिहिली. त्या चार नावांवर तू जे समजावलंस ते मला आजवर कुणीच इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं. गेममध्ये कोण कुठे आहे, कुठली गोळी कुठे लागली, आता काय दाखवायचं, हे प्रोसेसर ठरवतो. ते चित्र कार्ड रंगवतं. दोघांत जो मागे पडेल त्याच्या वेगाने गेम चालतो. व्हॅलोरंटसारख्या हलक्या चित्राच्या गेममध्ये भरपूर फ्रेम्स, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त चित्रं, हव्या असतील तर प्रोसेसर आधी दमतो, सायबरपंकमध्ये कार्ड. कोण दमलंय हे ओळखायची खूणही तू दिलीस: रिझोल्यूशन, म्हणजे ठिपक्यांची संख्या, कमी करून बघ, एफपीएस (सेकंदाला फ्रेम्स) वाढले तर अडथळा कार्डाचा, जागचे हलले नाहीत तर प्रोसेसरचा. आणि एल्डन रिंग पीसीवर ६० फ्रेम्सच्या वर जातच नाही, हेही तूच सांगितलंस, नाहीतर त्याच्यासाठी मी १४४ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या मॉनिटरची, स्वप्नं बघत बसलो असतो. १४४ हर्ट्झचा मॉनिटर मी तरीही घेतला, पण तो कशासाठी घेतोय ते कळून घेतला. ६० हर्ट्झवर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहते, १४४ वर ७ पेक्षाही कमी. नेमबाजीच्या गेममध्ये तो फरक हाताला जाणवतो.

प्रोसेसरवरून आपलं खूप बोलणं झालं. मला एएम५ सॉकेट, म्हणजे एएमडीच्या प्रोसेसरची नवी बैठक, हवं होतं. ते २०२२ मध्ये आलेलं, पुढे वाढायला वाव असलेलं. पण त्यावर फक्त डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅम चालते, आणि मदरबोर्ड, रॅम, प्रोसेसर असं तिन्ही मिळून कार्डासाठी काही उरतच नव्हतं. तू मला नाही म्हणाली नाहीस. दोन्ही हिशेब शेजारी-शेजारी मांडायला लावलेस आणि गप्प बसलीस. मीच बघितलं की एएम५ च्या हिशेबात कार्डाचा वाटा पाचव्या हिश्श्यावर आला होता आणि त्याआधीच्या एएम४ सॉकेटच्या हिशेबात तो एकतृतीयांशाच्या वर होता. एएम४ वरचा रायझन ५ ५६०० घेतला. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट, कूलर खोक्यातच. खरंच सांगतो, हा निर्णय माझा आहे असं मला वाटतं ते तू तेव्हा गप्प राहिलीस म्हणून.

मदरबोर्डाबद्दल तू एकच ताकीद दिलीस, पण मोलाची. जुन्या साठ्यातला बोर्ड असेल तर त्यातलं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम, या प्रोसेसरच्या आधीचं असू शकतं आणि मग तो प्रोसेसर ओळखणारच नाही. म्हणून मी बायोस फ्लॅशबॅक असलेला बी५५० चिपसेटचा, मायक्रो-एटीएक्स या लहान आकाराचा बोर्ड घेतला. प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येतं. गरज पडली नाही, पण ती सोय आहे म्हणून मी निर्धास्त होतो.

आता एसएमपीएसबद्दल, म्हणजे भिंतीतली वीज पीसीच्या भागांना पुरवणाऱ्या डब्याबद्दल. ताई, सगळ्यात जास्त आभार मला याचेच मानायचे आहेत.

मला एका विक्रेत्याने कॅबिनेटसोबत एसएमपीएस 'फुकट' देऊ केला होता. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेलं. प्रोसेसर ६५, कार्ड १३२, बाकीचं सगळं धरून तीनशेच्या आत, मग साडेचारशे भरपूर झाले, असा माझा हिशेब. तू म्हणालीस, "बाजूच्या स्टिकरचा फोटो पाठव." मी पाठवला. तू त्यातल्या १२ व्होल्टच्या रकान्याभोवती गोल काढून परत पाठवलास. तिथे १८ अँपिअर लिहिलं होतं. बारा गुणिले अठरा, २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही आपली वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनींवर दाखवलेले, ज्यांचा आजच्या पीसीला फारसा उपयोग नाही. मी तो फोटो कितीतरी वेळ बघत राहिलो. आकडा समोरच छापलेला होता, फक्त तो वाचायचा असतो हे मला माहीत नव्हतं.

मग मी '८० प्लस' चा शिक्का बघून दुसरा निवडला, तर तिथेही तू थांबवलंस. तो शिक्का एवढंच सांगतो की भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वाया जात नाही. शॉर्टसर्किट झालं, व्होल्टेज चढलं, तर एसएमपीएस स्वतःला बंद करून बाकीच्यांना वाचवेल का, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. "माझ्याकडे येणाऱ्या मेलेल्या मशीनमध्ये एसएमपीएस एकटा जात नाही रे, जाताना कुणालातरी घेऊन जातो." हे वाक्य तू अगदी सहज बोललीस. मी त्या दिवशी रंगीत दिव्यांचं काचेचं कॅबिनेट यादीतून काढलं, समोरून जाळी असलेलं साधं घेतलं आणि ते पैसे सगळ्या संरक्षण सर्किट्सच्या ५५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये घातले. हवा खेळती राहते ती जाळीनेच, हा वरचा फायदा.

कार्ड सेकंडहँड घ्यायला तू हो म्हणालीस याचं मला आश्चर्य वाटलं होतं. एसएमपीएस कधीही जुना नको, कार्ड चालेल, कारण कार्ड तपासून घेता येतं. विकणाऱ्याच्या मशीनवर अर्धा तास जड गेम चालवून बघायचा, पंख्याचा आवाज ऐकायचा, प्रत्येक पोर्टला केबल लावून बघायची, खोक्यावरचा सीरिअल नंबर कार्डावरच्या नंबराशी जुळतो का बघायचं. आरएक्स ६६०० मी असाच घेतला. आठ जीबी, १३२ वॅट, १०८०पीला पुरेसा. तिसऱ्या पोर्टवर चित्र येत नव्हतं म्हणून त्याआधीचं एक कार्ड मी सोडून आलो, तेव्हा तू "शाब्बास" म्हणालीस. तो शब्द माझ्या लक्षात राहिलाय.

रॅम आठ-आठच्या दोन पट्ट्या, आणि फाइली ठेवायला एक टीबीची एनव्हीएमई (वेगवान जातीची) एसएसडी. यात सांगण्यासारखं काही नाही, तू म्हणालीस तसं केलं.

जोडणीच्या रात्री तू कितीतरी वेळ व्हिडिओ कॉलवर होतीस आणि दुसऱ्या दिवशी तुला सकाळी कामावर जायचं होतं. बटण दाबलं, पंखे फिरले, कार्डावरचा दिवा लागला आणि पडदा काळाच. माझे हात गार पडले होते. मी मॉनिटरची केबल कार्डालाच लावली होती, मदरबोर्डाला नाही, हे तू आधी बघून घेतलंस, कारण ५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही. मग म्हणालीस, "बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे आहेत, कुठला पेटलाय?" डीरॅमचा, म्हणजे रॅमचा. "पट्ट्या कुठल्या खाचांत आहेत?" दुसऱ्या आणि चौथ्या, बरोबर होत्या. "वीज बंद कर, काढ, परत बसव. दोन्ही टोकांना टक् असा आवाज येईपर्यंत दाब. घाबरू नकोस, थोडा जोर लागतो." माझ्या बोर्डाला खटका एकाच बाजूला आहे. त्या बाजूने पट्टी बसली होती, दुसरं टोक केसभर वर राहिलं होतं. अंगठ्याने दाबल्यावर तो आवाज आला. तुलाही ऐकू गेला असणार, कारण मी काही बोलायच्या आत तू म्हणालीस, "हं, आता लाव."

बायोसचा पडदा आला तेव्हा मी ओरडलो, तू नाही. तू रॅमच्या वेगाचा आकडा वाचायला लावलास. २४०० होता. पट्ट्या ३२०० च्या घेतल्या होत्या, पण एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची बायोसमधली सेटिंग, आपण चालू करेपर्यंत बोर्ड सावध वेगानेच जातो. विंडोज बसल्यावर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये मॉनिटर ६० हर्ट्झवर पडून होता, तोही १४४ वर न्यायला तूच सांगितलंस. पैसे मोजून घेतलेल्या या दोन गोष्टी मी वापरल्याच नसत्या आणि मला ते कळलंही नसतं.

आज महिना झाला. सायबरपंक मध्यम ते हाय सेटिंगवर छान चालतो, व्हॅलोरंटमध्ये १४४ च्या खाली फ्रेम क्वचित येतात. मदरबोर्डावर रॅमच्या दोन खाचा आणि एसएसडीची एक जागा रिकामी आहे, ती तू मला मुद्दाम रिकामी ठेवायला लावलीस.

एक काम मात्र राहिलंय. कॅबिनेटच्या समोरचा डिस्कचा छोटा दिवा लागत नाही. त्या बारीक पिनांवर त्याची वायर मी उलटी लावलीय. पॉवरच्या बटणाला उलटसुलट चालतं, दिव्याला चालत नाही, हे आता मला माहीत आहे. दोन मिनिटांचं काम आहे, पण मी ते केलेलं नाही. एवढ्या रात्री तू या मशीनसाठी जागलीस, पण तिला अजून तुझा हात लागलेला नाही. सुट्टीला येशील तेव्हा ती वायर तू फिरव.

तुझा,
धाकटा